पाणी भरणे म्हणजे दुरुस्ती नव्हे!

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. कुणाशी म्हणाल, तर तिकडे इंग्लंडात राहणाऱ्या आपल्याच लेकरांशी, आणि त्यांच्या घरी येऊन पाच मिनिटांत 'झालं काम' म्हणून निघून जाणाऱ्या बॉयलरवाल्यांशी.

गेली काही वर्षं माझे हिवाळे रेडिंगला मुलाकडे जातात. तिथल्या बहुतेक घरांत गॅसचा बॉयलर असतो. तो पाणी तापवतो, ते नळ्यांमधून खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमध्ये फिरतं आणि गार होऊन परत येतं. आजकालच्या पद्धतीत हे पाणी बंदिस्त असतं, तेच तेच फिरत राहतं. थंड असताना त्याचा दाब १ ते १.५ बार असावा लागतो. (१ बार म्हणजे किती, तर आपल्या कुकरची शिट्टी होते तेव्हा आत जो जादा दाब असतो, साधारण तेवढा.) बॉयलरवर त्याचा काटा असतो. काटा फार खाली आला की बॉयलर चालायला नकार देतो आणि बाहेर बर्फ पडत असताना घरातली माणसं कोट घालून जेवायला बसतात.

मग सगळे एकच सांगतात, पाणी भरा. बॉयलरखालच्या छोट्या जोडनळीचा कॉक उघडायचा, काटा वर आला की बंद करायचा. ठीक आहे, भरा. पण अहो, पाणी बंदिस्त आहे ना? मग ते गेलं कुठे? हा प्रश्न चौथीतलं पोर विचारील. हौदाला गळती लागली असताना रोज घागरी ओतणाऱ्याला आपण काय म्हणू? तिथे मात्र त्याला 'सर्व्हिस' म्हणतात आणि महिन्याच्या महिन्याला पैसे भरतात.

मागच्या हिवाळ्यात मुलाच्या घरी महिन्यात तीनदा माणूस आला. तिन्ही वेळा पाणी भरलं आणि गेला. सूनबाई म्हणाली, "आई, गॅसचं काम आहे, तुम्ही हात लावू नका." मी हात लावला नाही, डोळे लावले. पूर्वी कालनिर्णयावर दुधाचे खाडे मांडायचे, तसे सकाळ-संध्याकाळ काट्याचे आकडे मांडले. चार दिवसांत चित्र स्पष्ट झालं. थंड असताना काटा १ च्या खाली, आणि घर तापलं की सरळ ३ च्या जवळ!

आता यात गूढ काही नाही. पाणी तापलं की फुगतं. त्या फुगलेल्या पाण्याला जागा मिळावी म्हणून एक डबा असतो, त्यात रबरी पडदा, पडद्याच्या एका बाजूला हवा आणि दुसऱ्या बाजूला पाणी. त्यातली हवा गेली की पाण्याला जागा उरत नाही, दाब चढतो, आणि ३ बारला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून पाणी घराबाहेर निघणाऱ्या तांब्याच्या नळीतून सांडतं. घर थंड झालं की काटा खाली. पुन्हा पाणी भरा, पुन्हा सांडा. मी त्या बाहेरच्या नळीच्या तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी रबरबँडने सैलसर अडकवून ठेवली. सकाळी पिशवीत पाणी. चौथ्या वेळी आलेल्या माणसापुढे कागद आणि पिशवी दोन्ही ठेवली. त्याने पाणी काढून डब्यात पंपाने हवा भरली, तो व्हॉल्व्हही बदलला. (एकदा उघडलेल्या व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकतो आणि तो नीट मिटत नाही.) काटा जागेवर आला.

याउलट काटा थंड-गरम कधीही बघा, हळूहळू उतरतच चाललाय, तर कुठेतरी गळती आहे. आधी रेडिएटरच्या व्हॉल्व्हखाली बोट फिरवून पाहा. रेडिएटरमधली हवा काढल्यावर दाब थोडा उतरतो, ते मात्र साहजिक आहे.

कुणी म्हणेल, भरलं पाणी आठवड्याला एकदा तर बिघडलं कुठे? बिघडतं तर! ताज्या पाण्याबरोबर ताजा प्राणवायू आत जातो आणि रेडिएटर आतून गंजतात. तो गंज काळ्या गाळासारखा तळाशी बसतो, मग रेडिएटर वरून गरम आणि खालून गार. गंज धरू नये म्हणून घातलेलं औषधही पातळ होत जातं.

दुसरा आक्षेप गॅसच्या धोक्याचा. तो शंभर टक्के खरा आहे. बॉयलरचं झाकण उघडणं, गॅसच्या नळीशी खटपट करणं हे काम तिथे 'गॅस सेफ' नोंदणी असलेल्याच माणसाचं. २००९ पासून तीच नोंदणी चालते. घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही हवाच. पण काटा वाचायला, आकडे लिहायला आणि नळीखाली पिशवी बांधायला कसली नोंदणी लागते? मोठमोठ्या कंपन्यांची सॉफ्टवेअरं लिहिणारी आपली मुलं स्वतःच्या भिंतीवरचा काटा वाचत नाहीत, याचा मला खरा राग आहे. वेळ नाही म्हणतात. तीनदा अर्धी रजा टाकून मेकॅनिकची वाट बघायला वेळ होता!

माझ्या आजोळी तांब्याचा बंब होता. त्यात पाणी किती, निखारे किती, हे घरातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असे. बी.ए. झालेल्या, जन्मभर मराठी शिकवलेल्या बाईला हा बॉयलर कळतो, तो इंजिनिअरला कळू नये?

असो. भाचीसाठी वेगळं लिहिते, कारण ती भाड्याच्या घरात आहे. बाई गं, तू पाणी भरत बसू नकोस. इंग्लंडात अशा भाड्याच्या घरातली हीटिंगची आणि गरम पाण्याची यंत्रणा दुरुस्त ठेवणं ही १९८५ च्या कायद्याने घरमालकाची जबाबदारी आहे, आणि गॅसची तपासणी त्याने दर वर्षी करून तुला दाखला द्यायचा असतो. फोनवर बोलू नकोस, लेखी कळव. आठवडाभराचे आकडे तारखांसकट खाली लिही, थंड असतानाचा वेगळा आणि गरम असतानाचा वेगळा.