आधी पकड, मग घोडे!

जुन्या अमेरिकन मसल कारचा विषय निघाला की हॉस्टेलचं पब्लिक थेट हॉर्सपॉवरवर येतं. सुटताना गाडी उसळायला हवी? 'इंजिन वाढवा!' माझं मत उलटं आहे.

१९७० ची शेव्हरोले शेव्हेल एसएस ४५४ घ्या. तिच्या एलएस६ इंजिनाचा जाहीर आकडा ४५० हॉर्सपॉवर, टॉर्क ६७८ न्यूटन-मीटर. पहिला गिअर २.२०, मागचा ॲक्सल रेशो ३.३१. गुणाकार केला की चाकांवर सुमारे ४,९०० न्यूटन-मीटर. चाकाची त्रिज्या ०.३३ मीटर धरली, तर जोर जवळजवळ १५,००० न्यूटन! आता फर्स्ट इयरचं घर्षण आठवा. सुटताना मागच्या चाकांवर ९०० किलो भार आला आणि घर्षणांक १ धरला, तरी रस्ता पेलणार फक्त ८,८०० न्यूटन. उरलेला जोर टायरच्या धुरात जातो, राव!

म्हणजे आधी इंजिनावर पैसे घालणं म्हणजे धूर विकत घेणं. क्रम असा हवा: रुंद, मऊ रबराचे टायर, मग लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल, म्हणजे एकच चाक घसरत बसणार नाही, मग मागचं सस्पेन्शन. पकड मिळाली की ४.१० चा ॲक्सल. त्याने चाकांवरचा टॉर्क २४ टक्के वाढतो. मात्र हायवेला त्याच वेगासाठी आरपीएमही तेवढाच चढतो, पेट्रोल पितं ते वेगळंच. इंजिनाला हात सगळ्यात शेवटी. आणि ही हौस ड्रॅग स्ट्रिपवर फेडावी, गावच्या रस्त्यावर नाही.

पटत नसेल तर कॅल्क्युलेटर घेऊन मेसमध्ये भेटा!