‘कोर्स तर इंग्रजीत आहे!’

बार्सिलोनात मास्टर्सला येऊन आठ महिने झाले होते. फ्लॅटमधल्या नागपूरच्या मित्राला ताप आला, म्हणून मी त्याला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरबाईंनी घसा पाहिला, छाती तपासली आणि म्हणाल्या, ‘कोन्स्तिपादो.’ मित्राला इंग्रजीतलं कॉन्स्टिपेशन आठवलं. तो ताडकन म्हणाला, ‘नो, नो! पोट साफ आहे माझं!’ तेही मराठीत. स्पॅनिशमध्ये त्या शब्दाचा अर्थ ‘सर्दी झालेला’.

हा किस्सा सांगून आम्ही महिनाभर हसलो. मग मला लाज वाटायला लागली. आठ महिने राहून त्या शहराच्या भाषेत साधी सर्दी आम्हाला ओळखू आली नव्हती.

आमच्या ग्रुपमध्ये कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: ‘कोर्स तर इंग्रजीत आहे!’ अरे, पण भाजी इंग्रजीत मिळते का? घरमालक इंग्रजीत ओरडतो का? खरं कारण वेगळं आहे. आपण इथे दोन वर्षांचे पाहुणे, तेव्हा भाषेची अडचण समोरच्याने सोसावी, असं आपण गृहीत धरलंय.

आणि याच ग्रुपवर मुंबई-पुण्याचे व्हिडिओ फिरतात. मराठी येत नाही म्हणून कुणाला तरी दमदाटी चाललेली असते. खाली आमच्याच लोकांचे अंगठे: ‘बरोबर केलं! इतकी वर्षं राहून भाषा येत नाही?’

रावाल भागात आमचा एक पाकिस्तानी किराणावाला आहे. आम्ही त्याच्याशी हिंदीत बोलतो, तो आमच्याशी उर्दूत. एकदा माझ्यासमोर तो एका आजींशी कातालानमध्ये बोलला आणि पुढच्या गिऱ्हाइकाशी स्पॅनिशमध्ये. सकाळपासून रात्रीपर्यंत गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाला दोन भाषा जमल्या. वेळ नव्हता तो फक्त आम्हाला.

कातालान ही इथली आपली भाषा. रस्त्यांच्या पाट्यांवर स्पॅनिश ‘काय्ये’ नसतं, कातालान ‘कारेर’ असतं. फ्रँकोच्या राजवटीत, १९३९ ते १९७५, ती शाळा-कचेऱ्यांतून हद्दपार होती. १९७८च्या राज्यघटनेने तिला पुन्हा वाट मिळाली आणि १९८३च्या कायद्याने ती शाळेत भक्कम बसली. तरी कातालान माणूस आपल्याइतकाच भिडस्त. समोरचा अडखळला की तो स्वतःहून स्पॅनिशवर येतो, जसे आपण हिंदीवर येतो. मग पाहुण्याने शिकायचं कुणाकडून?

एकदा बेकरीत मी धीर करून म्हटलं, ‘माझ्याशी कातालानच बोला.’ पावाला स्पॅनिशमध्ये ‘पान’ म्हणतात, कातालानमध्ये ‘पा’. आपला ‘पाव’ही पोर्तुगीजांकडून आलेला, याच कुळातला. बाईंनी माझ्याकडून अख्खं वाक्य तीनदा म्हणवून घेतलं. मागे रांग खोळंबली होती, पण कुणी ओरडलं नाही. ते वाक्य मी आता विसरणार नाही.

माझं म्हणणं सोपं आहे. महाराष्ट्रात राहणाऱ्याने मराठी शिकावी, ही मागणी रास्तच आहे, ती मी सोडणार नाही. पण ती करायचा अधिकार फुकट मिळत नाही. आपण जिथे राहतो तिथली भाषा आधी आपण शिकायची, मग ते बार्सिलोना असो की बंगळुरू. पाच वर्षं बंगळुरूत राहून ज्याला कन्नडमध्ये रिक्षा सांगता येत नाही, त्याने ठाण्याच्या भाजीवाल्याला सुनावू नये. आणि घरी परतल्यावर नवख्याने मोडकंतोडकं मराठी काढलं, तर हिंदीत न पळता तिथेच थांबायचं. तेच वाक्य दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा हळू म्हणायचं. कानफटात मारून आजवर कुणाला एक क्रियापद शिकवता आलेलं नाही.

पुढचा व्हिडिओ फॉरवर्ड करण्याआधी एवढंच आठवून बघा: तुम्ही राहता त्या शहराच्या भाषेत सर्दीला काय म्हणतात?