पडल्यावरचा खर्च नको, उभं ठेवणारं औषध द्या

मा. श्री. प्रकाश आबिटकर,
सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, मुंबई.



नांदेड जिल्ह्यातल्या भोकरहून हे पत्र लिहितो आहे. माझी धाकटी बहीण शिवणकाम करते. सात वर्षांपूर्वी एके दिवशी तिला सुईत दोरा ओवता येईना. उजव्या डोळ्यापुढं धुकं दाटायचं, डोळा फिरवला की ठणकायचा. नंबर लागला असेल म्हणून चष्मा केला. तीन आठवड्यांत दिसू लागलं आणि आम्ही विसरून गेलो. वर्षभरानं चालता चालता तिच्या डाव्या पायातली चप्पल निसटायला लागली. तिला कळायचंही नाही, मागून येणारी बाई हाक मारून सांगायची. कमजोरी आहे म्हणून ताकदीची इंजेक्शनं झाली, सलाइन झालं, देवऋषीही झाला. एमआरआय होऊन कागदावर 'मल्टिपल स्क्लेरोसिस' हे नाव यायला आणखी दोन वर्षं गेली.

या आजारात शरीराची रोगाशी लढणारी यंत्रणाच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या चेतातंतूंवरचं आवरण खाऊ लागते. तो बहुधा विशी ते चाळिशीत गाठतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांना दुपटीहून अधिक. बहुतेकांना सुरुवातीला झटका येतो आणि ओसरतो, पण जाताना थोडी नजर, थोडी चाल घेऊन जाऊ शकतो. समूळ बरं करणारं औषध अजून नाही. झटके रोखणारी औषधं मात्र आहेत, आणि ती जितकी लवकर सुरू होतील तितकं अंग शाबूत राहतं.

साहेब, माझं गाऱ्हाणं इथंच आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावानं सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आमचा नांदेड होता. त्या योजनेनं आमच्या गल्लीतली माणसं वाचवलेली मी पाहिली आहेत. पण ती आखली आहे दवाखान्यात भरती होणाऱ्या रुग्णासाठी. घरी टोचायची सुई त्या चौकटीत बसत नाही. म्हणजे बहीण पडली तर सरकार तिच्या मागे उभं राहील. ती पडू नये म्हणून लागणारं औषध मात्र आम्ही घर चालवून उरलेल्या पैशांतून आणायचं. मी शिक्षक आहे, पगार वेळेवर होतो, तरीही दोनदा आम्ही डोस लांबवला. ज्याच्या घरी पगारच नाही, त्यानं काय करायचं?

आणि हे औषध काही सातासमुद्रापारचं नाही. बहीण घरी टोचून घेते ते ग्लॅटिरामर हैदराबादची कंपनी बनवते, तिथून ते अमेरिकेतही जातं. रिटुक्सिमॅबची भारतीय आवृत्ती हैदराबादच्याच कंपनीनं २००७ मध्ये बाजारात आणली. ते मुळात कर्करोगाचं औषध, पण या आजारात साधारण सहा महिन्यांतून एकदा सलाइनमधून देतात. स्वीडनमध्ये २०० रुग्णांवर केलेली त्याची चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन वर्षांत रिटुक्सिमॅबवरच्या ३ टक्के रुग्णांना झटका आला, तर तुलनेतल्या गोळ्यांवरच्या १६ टक्क्यांना. जागतिक आरोग्य संघटनेनं जुलै २०२३ मध्ये ग्लॅटिरामर, रिटुक्सिमॅब आणि क्लॅड्रिबिन ही तिन्ही औषधं या आजारासाठी अत्यावश्यक यादीत घेतली. निजामाच्या काळापासून भोकरचा माणूस मोठं दुखणं आलं की हैदराबादची वाट धरतो. औषधही त्याच वाटेवर तयार होतं, आणि आमच्या हाती लागत नाही.

ग्लॅटिरामर फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. बाहेर फार तर महिनाभर, तेही ३० अंशांपर्यंतच. आमच्याकडं मे महिन्यात पारा बेचाळिशी ओलांडतो आणि दुपारी वीज जाते. तेव्हा शेजारच्या कुल्फीवाल्याकडून बर्फ आणून मी सुया थर्मासमध्ये ठेवतो, पाणी लागू नये म्हणून प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून. बहिणीचंही तसंच आहे. अंग तापलं की जुनी लक्षणं उसळतात, डोळ्यापुढं पुन्हा धुकं येतं. जर्मन डॉक्टर उथॉफ यांनी १८९० मध्येच हे नोंदवलं होतं. म्हणून उन्हाळ्यात ती मानेवर ओला टॉवेल टाकून पहाटे चारला मशीनवर बसते. मराठवाड्याच्या उन्हात या रुग्णांनी काम कसं करावं, त्यांचं औषध कसं टिकवावं, याचा अभ्यास थंड देशांतले लोक आपल्यासाठी करणार नाहीत.

संशोधनाची परंपरा आपल्याकडं आहे. डॉ. नोशीर वाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या पारशी समाजातल्या या आजाराची मोजणी प्रसिद्ध केली. मंगळूरच्या डॉक्टरांनी त्यांच्या शहरात लाखामागे ८.३५ रुग्ण मोजले. तशी मोजणी नांदेड-लातूरची व्हावी. पण मोजण्याआधी निदान अचूक हवं: हुबेहूब असाच दिसणारा एनएमओ नावाचा आजार असतो, आणि मल्टिपल स्क्लेरोसिससाठीचं इंटरफेरॉन हे औषध त्या रुग्णाला दिलं तर तो अधिक बिघडू शकतो. दोन्हींतला फरक ओळखायला एक रक्ततपासणी फार मदत करते. ती नांदेडला सरकारी दरात व्हायला हवी.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराचं नाव आहे, त्याबद्दल आभार. पण थकवा आणि अधूनमधून जाणारी नजर टक्क्यांत मोजता येत नाही, आणि बऱ्याच सवलती ४० टक्के दिव्यांगत्वाशिवाय मिळत नाहीत.

माझं मागणं मोठं नाही. नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आठवड्यातला एक दिवस या रुग्णांसाठी ठेवावा आणि तिथंच नोंदवही सुरू करावी. सहा महिन्यांतून एकदा द्यायचं रिटुक्सिमॅब एका दिवसाचा उपचार म्हणून योजनेत घ्यावं. घरी टोचायची सुई तालुक्याच्या दवाखान्यातून, तिथल्या फ्रिजमधून मिळावी. मुंबईहून येणारी नंदिग्राम एक्स्प्रेस भोकरला थांबते. आपण एकदा या, बहिणीच्या मशीनशेजारी बसून तिचं ऐका. तिची पुढची सुई येत्या सोमवारी आहे.

आपला,
भोकरचा एक शिक्षक