संगणक शिकलात, आता कायदाही शिका

थेरगावातून रोज डांगे चौकाच्या गर्दीतून हिंजवडीला जाणाऱ्या मुलामुलींना आणि त्यांच्या आईवडिलांना कळकळीची विनंती आहे. बीई, बीसीए झालं म्हणजे शिक्षण संपलं असं मानू नका. एलएलबीचा विचार करा.

संगणकातल्या एका फाइलवर खटला कसा अडतो ते पाहा. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनची मुदत उलटल्यावर घेतला गेला, असं म्हणत हरलेले उमेदवार कैलास गोरंट्याल न्यायालयात गेले. अर्ज कधी आला हे निवडणूक कचेरीतल्या चित्रीकरणात दिसत होतं. पण ते चित्रीकरण पुरावा म्हणून मांडायला कायद्याने लागणारं प्रमाणपत्र, पुन्हापुन्हा मागूनही, अधिकारी देईनात. अखेर जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रमाणपत्र बंधनकारकच आहे. मात्र शक्य ते सगळं करूनही ते न मिळालेल्या माणसाला त्याचा फटका बसू नये. एवढं ठरेपर्यंत त्या विधानसभेची मुदतही संपली होती.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे या प्रमाणपत्राचे दोन भाग असतात. एक पुरावा देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे तिचा डिजिटल ठसा, लिहायची. हॅश म्हणजे काय हे तुम्हाला कॉलेजातच शिकवलेलं असतं. व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट घेऊन वकिलाकडे आलेल्या माणसाचा दावा याच एका प्रमाणपत्रावर अडू शकतो.

चाकण-भोसरीतल्या एखाद्या लघुउद्योजकाचे पैसे खोट्या ईमेलमुळे भलत्याच खात्यात गेले, तर तो पोलिसांकडे धावतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली पाच कोटींपर्यंतच्या भरपाईचा दावा राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे लावता येतो, हे त्याला कुणी सांगत नाही. सांगणारा माणूस आपल्यातूनच तयार व्हायला हवा.

वाट अवघड नाही, पण आडवाटेने जाऊ नका. पदवीनंतर तीन वर्षांचं एलएलबी, त्यासाठी राज्याची सीईटी. ‘हजेरीचं आम्ही बघू, तुम्ही फक्त परीक्षेला या’ असं सांगणाऱ्यांपासून लांब राहा. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे सत्तर टक्के हजेरी लागते आणि पत्राद्वारे केलेल्या एलएलबीवर सनद मिळत नाही. पूर्णवेळ पगारी नोकरी चालू ठेवून वकिली करता येत नाही, हेही घरी आधीच बोलून घ्या. गृहकर्जाचे हप्ते असतील तर नक्कीच. नोकरीच करायची असेल तरी कंपन्यांत करारांचं आणि डेटा संरक्षणाचं काम आहे. पेटंट एजंटच्या परीक्षेला तर विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवीच लागते. नुसत्या कायद्याच्या पदवीवर तिथे बसता येत नाही.

फॉर्म भरण्याआधी एक दिवस रजा काढा आणि पिंपरीच्या किंवा शिवाजीनगरच्या न्यायालयात मागच्या बाकावर बसून कामकाज पाहा. तिथे बसायला कुणाची परवानगी लागत नाही.