मापाचा कुर्ता

बहुतेक घरांत ‘मापाचा’ म्हणून एक कुर्ता निराळा ठेवलेला असतो. नवे कापड शिंप्याकडे जाते तेव्हा तोही सोबत जातो. तो अंगाला नेमका बसतो, एवढीच त्याची थोरवी. कपाटातील इतर कपड्यांत कुणाचा खांदा उतरलेला असतो, कुणाचा मुंढा काचतो; म्हणून ते फाटतही नाहीत आणि वापरलेही जात नाहीत. आचार्य समंतभद्रांनी ‘रत्नकरंडक श्रावकाचारा’त एकदाच भोगून सोडावयाच्या वस्तूला भोग आणि पुनःपुन्हा वापरावयाच्या वस्तूला उपभोग म्हटले आहे, अन्न हे पहिल्याचे आणि वस्त्र हे दुसऱ्याचे उदाहरण. जे वस्त्र पुन्हा अंगावर येतच नाही, ते उपभोगही ठरत नाही. तो केवळ परिग्रह होय.

मापाच्या कुर्त्यावरून कागदी साचा करून ठेवला, तर तसाच कुर्ता घरच्या यंत्रावर हवा तेव्हा शिवता येतो. कुर्ता उसवावा लागत नाही. तो धुऊन, इस्त्री करून, मधोमध उभी घडी घालून जाड खाकी कागदावर पसरावा. घडी कागदाच्या सरळ कडेला लावून टाचण्या टोचाव्यात आणि तीरा, मुंढा, बगल व घेर यांच्या शिलाईलगत पेन्सिल फिरवावी. पुढचा व मागचा भाग एकाच रेषेत उरकू नये. पुढचा गळा अधिक खोल असतो आणि पुढचा मुंढाही मागच्यापेक्षा अधिक आत वळतो. हा फरक विसरला की कुर्ता मानेपाशी ओढतो. बाहीचा साचा निराळा काढावा आणि तिच्या वरच्या गोलाईची लांबी दोन्ही मुंढ्यांच्या बेरजेशी टेपने ताडून पाहावी. गोलाई किंचित अधिक असावी, कमी कधीही नसावी.

रेषेबाहेर शिलाईसाठी जे कापड राखतात त्याला ‘माया’ म्हणतात. गळ्याला पाव इंच, तीऱ्याला व मुंढ्याला अर्धा इंच, बगलेला एक इंच आणि खालच्या दुमडीला दीड इंच माया पुरते. बगलेची माया कापून टाकू नये. पुढे अंग भरले तर तोच कुर्ता उसवून सैल करता येतो. प्रत्येक तुकड्यावर नाव, तारीख, उभ्या धाग्याची दिशा आणि ‘घडीवर’ ही सूचना लिहावी. पहिली बेतणी जुन्या चादरीवर करून, कच्च्या धावदोऱ्याने जोडून अंगावर पाहावी. नवे सुती कापड बेतण्यापूर्वी गाळलेल्या पाण्यात रात्रभर भिजवून वाळवावे, म्हणजे ते शिवल्यानंतर आटत नाही.

घरी शिवणाऱ्या श्राविकेला आणखी एक गोष्ट साधते. अंगावर काय येते, हे तिला ठाऊक असते. रेशमाचा धागा अखंड मिळावा म्हणून कोश आतील जीवासह उष्णतेत घातले जातात. एका रेशमी साडीमागे असे हजारो कोश असतात. पूजेसाठी रेशमी वस्त्र शुद्ध मानण्याची रूढी अनेक घरांत आजही आहे. अहिंसेच्या उपासनेला हिंसेतून आलेले वस्त्र शोभते का, हा प्रश्न अशा घरांतून विचारला गेला पाहिजे. बटणेही शिंपल्याची, शिंगाची वा हाडाची असू शकतात. त्यांच्या जागी करवंटीची, लाकडाची किंवा त्याच कापडाने मढवलेली बटणे लावता येतात. सदलगा येथे १९४६ साली जन्मलेल्या आचार्य श्री विद्यासागरजी महाराजांच्या प्रेरणेने हातमागाची केंद्रे उभी राहिली, त्यामागेही अहिंसक वस्त्राचा आणि स्वावलंबनाचाच विचार होता.

मात्र साचा हाती आला की एक मोहही सोबत येतो. शिलाईचा खर्च उरत नाही, मग दुकानातील प्रत्येक तुकडा खुणावू लागतो. यंत्राशेजारी न शिवलेल्या कापडांची चळत वाढते आणि जो परिग्रह कपाटात होता तो पेटीत जाऊन बसतो. आचार्यांनी परिग्रह-परिमाणाला ‘इच्छापरिमाण’ असेही नाव दिले आहे. मोजावयाची आहे ती इच्छा. कपड्यांची संख्या ही तिची केवळ खूण. यावज्जीव व्रत झेपत नसेल, तर पक्ष, मास, ऋतू अशा ठरावीक काळाचा नियम त्यांनीच सांगितला आहे. चातुर्मासात नवे कापड घेणार नाही. घरातील तुकडा शिवल्याखेरीज दुसरा आणणार नाही. एक नवा कुर्ता शिवला की एक चांगल्या स्थितीतील कुर्ता गरजूला देईन. यांपैकी एक नियमही पुरेसा आहे. बेतणीत उरलेल्या सुती कापडातून जिनवाणीचे वेष्टन होते आणि बारीक चिंध्या गोधडीत जातात.

सोळा हातांच्या पांढऱ्या साडीत आर्यिका माताजींचा विहार चालतो. गृहस्थाश्रमात तेवढे साधत नाही, आणि तशी अपेक्षाही नाही. पण अंगाचे माप जिला नेमके कळले, तिने गरजेचेही माप एकदा घ्यावे. कागदाच्या साच्यावर तारीख लिहितानाच कपाटातील कपडे मोजून तो आकडा तिथेच खाली लिहून ठेवावा. पुढच्या वर्षी तोच साचा उघडताना तो आकडा वाढलेला नसावा.