दाखल्यावर गोवर लिहितात



आषाढ सरताना आपल्या एका पाड्यावर पंधरा दिवसांत दोन पोरं गेली. एक गोवराने, दुसरं जुलाबाने. कागदावर तसंच लिहिलंय. चौकशीला आलेले साहेब म्हणाले, भुकेने कोणी मेलं नाय, रोगाने मेलं. १९९२ साली जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला शंभरावर पोरं गेली, तेव्हापासून आम्ही हेच ऐकतोय.

मग आम्ही विचारतो, गोवर काय साहेबाच्या पोराला होत नाय? होतो. पण ते आठ-दहा दिवस तापाने निजतं आणि उठून खेळायला जातं. आपल्या पोराच्या अंगात रोगाशी झुंजायला काही उरलेलंच नसतं. त्यात गोवराने तोंड येतं, पोर दूध ओढत नाय, खाल्लेलं जुलाबात जातं, होतं नव्हतं ते वजनही उतरतं. मागून न्यूमोनिया येतो. पुरळ गेल्यावर महिन्याने पोर मेलं तर गोवरही कोणी लिहीत नाय!

आणि हे आषाढ-श्रावणातच का? कणगी रिकामी, आई दिवसभर आवणीच्या चिखलात, पोर भावंडाच्या काखेत, प्यायला ओहोळाचं गढूळ पाणी. ज्याचा प्लॉट हाय त्याची नागली-वरई थोडी तरी पुढे पुरते. या दोन्ही घरांचे प्लॉट १९७८ च्या आधीपासूनचे. पण दंडाची पावती नव्हती, म्हणून तेव्हाच्या नियमात बसले नायत. फॉरेस्टने त्यात खड्डे खणून रोपं लावली. दिवाळी झाली की दोन्ही घरं वीटभट्टीवर, मग अंगणवाडीची सुकडी कोणाला आणि सुई कोणाला? हे लिहायला दाखल्यावर रकाना नाय.

आपलंही चुकतं, ते लपवायचं नाय. गोवर आला की पोराला उपाशी ठेवतो, जुलाब लागले की पाणी तोडतो. असं करू नका. अंगावरचं दूध चालू ठेवा, मीठ घालून पातळ पेज द्या. उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ टाकून घोट घोट पाजा. पोर निपचित पडलं, छाती उडायला लागली, तर भगताकडे रात्र घालवू नका, दवाखान्यात न्या. नऊ महिने भरले की गोवराची सुई हवीच. नर्सबाई पाड्यावर येत नसेल तर कोणत्या महिन्यापासून आली नाय ते लिहून ठेवा.

पुढच्या बैठकीला प्रत्येक पाड्याने वही आणायची. एक ते पाच वर्षांच्या प्रत्येक पोराचा दंड पट्टीने मोजायचा. साडेबारा सेंटिमीटरच्या आत भरला तर खाली लाल रेघ. पुढे पोराचं नाव, वय, पावसाळ्यात काय आजार झाला, सुई झाली का. शेवटच्या रकान्यात त्या घराचा प्लॉट किती आणि आज कोणाच्या ताब्यात. मोर्चाच्या दिवशी तहसीलदारांच्या टेबलावर याच वह्या ठेवायच्या आहेत.