चिमणराव आता सर्वांचे. पण पडद्यावर ते कोणाचे?

ऑगस्ट २०२५मध्ये ज्येष्ठ अभिनेते बाळ कर्वे यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या नावाशेजारी आणखी एक नाव अपरिहार्यपणे उच्चारले गेले : गुंड्याभाऊ. रंगभूमीवर प्रदीर्घ काळ वावरलेल्या कलावंताची ओळख जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वीच्या एका दूरदर्शन मालिकेतील भूमिकेने व्हावी, यात त्या कलावंताचे श्रेय आहेच. परंतु त्या पात्राला जन्म देणाऱ्या लेखणीचा वाटाही त्यात मोठा आहे. ती लेखणी चिंतामण विनायक जोशी यांची. असे प्रसंग आले की मराठी वाचकांच्या मनात एक जुनी इच्छा पुन्हा जागी होते. चिमणराव आणि गुंड्याभाऊ नव्या पिढीसाठी पुन्हा एकदा पडद्यावर यावेत, अशी ती इच्छा. आणि तिच्या पाठोपाठ तितकीच जुनी भीतीही येते : आले, तर ते आपलेच चिमणराव असतील का?

हा प्रश्न आजवर केवळ आवडीनिवडीचा होता. आता तो व्यवहाराचाही झाला आहे. चिं. वि. जोशी यांचे निधन नोव्हेंबर १९६३मध्ये झाले. भारतीय स्वामित्वहक्क कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे त्याच्या लेखनावरील हक्क वारसांकडे राहतात. (पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकूर यांच्या साहित्यावरील हक्क १९९१अखेर संपणार, या पार्श्वभूमीवर ती दहा वर्षांनी वाढवण्यात आली.) या हिशेबाने जोशी यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०२४पासून सर्वांसाठी खुले झाले आहे. ‘चिमणरावांचे चऱ्हाट’ असो वा ‘एरंडाचे गुऱ्हाळ’, त्यावर चित्रपट, मालिका, नाटक किंवा व्यंगचित्रमाला काढण्यासाठी आता कोणाची परवानगी लागत नाही आणि कोणाला मानधनही द्यावे लागत नाही.

ही मुक्तता वाचकाच्या दृष्टीने दुधारी आहे. हक्क वारसांकडे असतात तेव्हा निदान कोणीतरी एक दारावर उभा असतो. पटकथा वाचून हे आमच्या घरातील चिमणराव नव्हेत, असे म्हणण्याचा अधिकार त्याला असतो. आता ते दार उघडे आहे. कायद्याच्या ५७व्या कलमाने लेखकाच्या प्रतिष्ठेला बाधा आणणाऱ्या विद्रूपीकरणाविरुद्ध दाद मागण्याचा वेगळा हक्क दिला आहे आणि तो वारसांनाही बजावता येतो. पण रूपांतर मनासारखे उतरले नाही, एवढ्या कारणासाठी तो हक्क कामी येत नाही. वाईट विनोद हा गुन्हा ठरत नाही. आणि तसा तो ठरूही नये. म्हणजे यापुढे चिमणरावांच्या रूपांतराचा दर्जा राखण्याचे काम कायद्याचे नसून वाचकांच्या जाणतेपणाचे आहे.

चिमणराव पडद्यावर येण्याची ही पहिली वेळ असणार नाही. मास्टर विनायक यांच्या दिग्दर्शनाखाली १९४०मध्ये ‘लग्न पहावे करून’ आणि १९४२मध्ये ‘सरकारी पाहुणे’ हे चित्रपट आले. त्यांत दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. त्या काळच्या प्रेक्षकांसाठी चिमणरावांचा चेहरा दामुअण्णांचाच होता. पुढे सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई दूरदर्शनवर ‘चिमणराव’ ही मालिका आली. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे या जोडीने तो जुना चेहरा पुसून आपला चेहरा तेथे ठेवला. १९७९मध्ये हीच जोडी ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ या चित्रपटातही दिसली.

या इतिहासातून दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली ही की, प्रेक्षकाच्या मनातील ‘खरे चिमणराव’ प्रत्यक्षात पिढीगणिक बदलत आले आहेत. आज जे रसिक प्रभावळकरांशिवाय दुसऱ्या चिमणरावांची कल्पना करू शकत नाहीत, त्यांच्या वडीलधाऱ्यांच्या मनात दामुअण्णा ठाण मांडून बसलेले असणार. त्यामुळे नव्या नटाची घोषणा होताच ‘हे चालणार नाही’ असा जो सूर उमटेल, तो पुस्तकाच्या निष्ठेतून येतो की आधीच्या रूपांतराच्या सवयीतून, हे तपासून पाहावे लागेल. दुसरी गोष्ट कायद्याची. पुस्तके मुक्त झाली, म्हणून मालिका आणि १९७९चा चित्रपट मुक्त झालेला नाही. चित्रपटावरील हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षे टिकतात, म्हणजे या चित्रपटाचे २०३९अखेरपर्यंत. नव्या निर्मात्याला तेथील संवाद किंवा प्रसंगांची खास मांडणी उचलता येणार नाही; त्याला मूळ पुस्तकाकडेच परतावे लागेल. ही अडचण नव्हे, संधी आहे.

आता खरा पेच. चिमणरावांच्या कथा एका कुटुंबाभोवती गुंफलेल्या आहेत : भिडस्त, कारकुनी वृत्तीचे चिमणराव, त्यांची पत्नी काऊ, मुले मोरू, मैना आणि राघू, बहीण चिमी, आणि साऱ्या संकटांवर धाडसाचा उतारा शोधणारा गुंड्याभाऊ. रूढ अर्थाने ही कादंबरी नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या वाचकांनी ती एखाद्या लांबलचक कौटुंबिक कादंबरीसारखीच वाचली. या सगळ्या हकिगती सांगतात स्वतः चिमणराव. त्यातच जोशी यांच्या विनोदाचे मर्म आहे. चिमणराव आपली बाजू गंभीरपणे, नेटकेपणाने, पुष्कळशा प्रामाणिकपणे मांडतात. आणि त्यांना जे कळलेले नाही ते वाचकाला कळते. ते स्वतःला व्यवहारचतुर समजत असताना आपल्याला त्यांची फजिती दिसते. ते निर्भयपणाचा आव आणतात, तेव्हा ओळीमागे लपलेली त्यांची धडधड आपल्याला ऐकू येते. हसू प्रसंगात असते त्याहून अधिक ते सांगणाऱ्याच्या भाबडेपणात असते.

कॅमेऱ्याला हा भाबडेपणा दाखवता येत नाही, कारण तो चिमणरावांच्या आतून पाहत नाही. तो त्यांच्याकडे बाहेरून पाहतो. पडद्यावर आपल्याला पडलेला माणूस दिसतो. पुस्तकात आपल्याला दिसतो तो पडूनही आपण पडलो नाही असे सांगणारा माणूस. या दोहोंमधील अंतर भरून काढण्यासाठी रूपांतरकार बहुधा सोपा मार्ग धरतात. हालचाल वाढते, आवाज चढतो, पार्श्वसंगीत प्रेक्षकाला कोपरखळ्या मारू लागते. सूक्ष्म विनोदाचा प्रहसनात होणारा हा ऱ्हास हीच चाहत्यांची खरी भीती आहे. ती अनाठायी नाही.

हा पेच केवळ मराठीचा नाही. इंग्रजीत डग्लस ॲडम्स यांच्या ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी’ या विनोदी कादंबरीवरील चित्रपटाची तिच्या चाहत्यांनी दोन दशकांहून अधिक काळ वाट पाहिली. ॲडम्स यांनी हक्क विकले १९८२च्या सुमारास. चित्रपट आला २००५मध्ये, लेखकाच्या निधनानंतर चार वर्षांनी. तेथेही गंमत कथानकापेक्षा निवेदकाच्या स्वरात होती. चित्रपटकर्त्यांनी त्यासाठी स्टीफन फ्राय यांचा आवाज वापरला आणि निवेदनाच्या जोडीला चलच्चित्रे दिली. ते भाग अनेकांना भावले. पण जेथे संवादांतील नेमके शब्द छाटून कथेला वेग दिला गेला, तेथे कडव्या चाहत्यांनी नाराजी व्यक्त केली. त्यांची तक्रार प्रसंग गाळल्याची कमी आणि वाक्यांची लय मोडल्याची अधिक होती. विनोदात एक शब्द जागचा हलला की हसू नाहीसे होते, हे त्या वाचकांना ठाऊक होते.

आपल्या देशातील उदाहरण अधिक बोलके आहे. आर. के. नारायण यांच्या ‘गाइड’वर १९६५मध्ये भव्य हिंदी चित्रपट निघाला. तो गाजला, लोकप्रिय झाला. पण लेखक मात्र इतका खट्टू झाला की त्याने या अनुभवावर उपरोधिक निबंध लिहिला. छोट्या मालगुडीचा विस्तार करून ती भव्य व आकर्षक स्थळांत हरवून टाकली, हे त्यांचे शल्य होते. त्याच नारायणांच्या कथांवर शंकर नाग यांनी ऐंशीच्या दशकात ‘मालगुडी डेज’ ही मालिका केली. कर्नाटकातील आगुंबे या लहानशा गावी तिचे चित्रीकरण झाले आणि लेखकाचे बंधू आर. के. लक्ष्मण यांची रेखाचित्रे तिच्यात आली. आजही लोक ती प्रेमाने आठवतात. लेखक एकच; फरक पडला तो आकारमानाच्या जाणिवेचा. लहान माणसांच्या लहान चिंता लहानच ठेवाव्यात, हे शंकर नाग यांनी ओळखले होते. चिमणरावांचे जगही असेच घराच्या उंबरठ्याएवढे आहे.

मराठीतील अलीकडचा अनुभवही विसरता येत नाही. पु. ल. देशपांडे यांच्या जीवनावरील ‘भाई : व्यक्ती की वल्ली’ हा चित्रपट २०१९च्या आरंभी दोन भागांत आला, तेव्हा अनेकांनी त्याचे स्वागत केले, तर काहींनी पुलंच्या व त्यांच्या समकालीन गायकांच्या चित्रणावर तीव्र आक्षेप घेतले. तो चरित्रपट होता, पुस्तकाचे रूपांतर नव्हे. तरीही त्या वादाने एक गोष्ट स्पष्ट केली. विनोदी लेखकाशी मराठी वाचकाचे नाते घरगुती असते. त्याच्याविषयी झालेली चूक वाचकाला घरच्या माणसाचा अवमान वाटते. या जिव्हाळ्याचे मोल मोठे आहे. पण त्याची दुसरी बाजू अशी की, धास्तावलेला निर्माता एकतर पुस्तकाला हातच लावत नाही, किंवा त्याची पूजा बांधतो. दोन्हींत पुस्तकाचे नुकसानच होते.

गोव्यातील मराठी वाचकाने या चर्चेत का पडावे? एक कारण नात्याचे आहे. जोशी हे मूळचे पुण्याचे, पण त्यांची कर्मभूमी बडोदा. बडोदा महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले आणि संस्थानच्या दप्तरखान्यातही काम केले. विनोदी लेखक म्हणून ख्याती पावलेले हे गृहस्थ पाली भाषेचे पंडित होते. महाराष्ट्रात पालीच्या अध्ययनाचा पाया घालणारे धर्मानंद कोसंबी हे गोव्यातील साखवाळचे, आणि त्यांच्या कार्याला सयाजीराव गायकवाडांचे अर्थसाहाय्य लाभले होते. चिमणरावांचे घर पुण्यात असले, तरी ते घडवणारे हात महाराष्ट्राबाहेरील मराठीचे होते. गोवा, बेळगाव, बडोदे, इंदूर येथील मराठी ही केवळ पुण्या-मुंबईकडून येणारे साहित्य स्वीकारणारी नाही. तिने ते निर्माणही केले आहे, हे चिं. विं.च्या उदाहरणाने दिसते.

दुसरे कारण अधिक निकडीचे आहे. आपल्याकडील सरकारी मराठी प्राथमिक शाळांची पटसंख्या रोडावत आहे. घरी मराठी बोलणारी, पण मराठी पुस्तक सहज न वाचणारी पिढी आपल्यासमोर वाढत आहे. या मुलांपर्यंत चिमणराव पुस्तकातून पोहोचण्याची शक्यता थोडी, पडद्यावरून पोहोचण्याची अधिक. ज्याने पुस्तक वाचले आहे, त्याच्यासाठी फसलेला चित्रपट म्हणजे दोन तासांचा मनस्ताप; तो घरी येऊन पुस्तक उघडू शकतो. ज्याने वाचलेले नाही, त्याच्यासाठी मात्र चित्रपट हेच पुस्तक. तो फसला, तर चिमणराव म्हणजे जुन्या काळचा एक धांदरट गृहस्थ एवढीच त्याची समजूत राहील आणि मूळ लेखनाकडे वळण्याचे कारणच उरणार नाही. म्हणून येथील वाचकाची अपेक्षा पुण्याच्या वाचकाहून अधिक असायला हवी.

ती अपेक्षा नेमक्या शब्दांत मांडता येईल. पहिली, चिमणरावांचा निवेदनाचा स्वर जिवंत ठेवावा; ते सांगतात एक आणि पडद्यावर दिसते दुसरे, या विसंगतीतून हसू फुलू द्यावे. दुसरी, काळ बदलायचा असेल तर तो विचारपूर्वक बदलावा. लग्न जुळवण्याची दगदग, पाहुण्यांचा तिढा, वरिष्ठांची भीती आजही संपलेली नाही. पण त्या काळची भीड आजच्या कुटुंबात कशी दिसेल, याचे उत्तर लेखकाला शोधावे लागेल. तिसरी, काऊकडे नव्या नजरेने पाहावे. पतीच्या निवेदनात ती जेवढी दिसते, तेवढीच ती असणार नाही. येथे कॅमेऱ्याचे बाहेरून पाहणे लाभदायक ठरू शकते. चौथी, भाषेचे सपाटीकरण करू नये. त्या शब्दकळेतच त्या कुटुंबाची प्रतिष्ठा आणि फजिती दोन्ही आहेत.

वाचकांनीही काही करावे. हक्कमुक्त झालेली ही पुस्तके मराठी विकिस्रोतासारख्या मुक्त ग्रंथालयांत शुद्ध स्वरूपात यावीत, आपल्या गावच्या वाचनालयांनी त्यांची जाहीर वाचने करावीत, हौशी नाट्यमंडळांनी त्यांतील प्रसंग उभे करावेत. गावोगावच्या जत्रांत मराठी नाटक जिवंत ठेवणाऱ्या गोव्याला हे अवघड नाही. परवानगीची अडचणही आता उरलेली नाही. मूळ पुस्तक जेवढ्या अधिक लोकांच्या हाती असेल, तेवढी एखाद्या फसलेल्या रूपांतराची भीती कमी. चांगला चित्रपट आला, तर तो अशा जाणत्या प्रेक्षकांसमोरच आपली खरी कसोटी उतरेल.